दोन्हीकडे नाईकच: आडनावाचा माग काढताना

वडील नाईक, आईचं माहेरही नाईक. गोव्यात अशी घरं पुष्कळ आहेत आणि वंशावळ मांडायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो: ही मुळात एकच भावकी का? नाईक, प्रभू, देसाई ही नावं मानावरून, हुद्द्यावरून पडलेली. एकाच गावातली दोन नाईक घराणी वेगवेगळ्या समाजांचीही असू शकतात. म्हणून मी आडनाव बाजूला ठेवलं आणि प्रत्येक माणसापुढे चार रकाने आखले: वडिलांचं नाव, मूळ गाव नि वाडा, कुलदैवत, गोत्र.

सुरुवात घरातल्या महालयाच्या यादीपासून केली. तर्पणाच्या वेळी भटजींना सांगायची नावं जुन्या चोपडीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलेली असतात. त्यात वडील, आजोबा, पणजोबा. मग आईचे वडील, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा, सगळे गोत्रासकट. एका पानावर दोन्हीकडच्या तीन-तीन पिढ्या मिळतात, याहून चांगला कागद नाही. फक्त बायकांची नावं तिथे सासरची असतात. यादीतली ‘लक्ष्मी’ जन्मनोंदीत शोधून उपयोग नाही, तिथे ती माहेरच्या नावाने आहे. ही नावं म्हाताऱ्या आत्यांकडून, मावश्यांकडून आधी लिहून घ्या. त्या गेल्या की ती कुठेच मिळत नाहीत.

त्यांना आणखी एक विचारायचं: कोणाच्या मरणाचं सुतक आपल्याकडे किती दिवस धरलं? दहा दिवस धरलं असेल तर जवळची भावकी, तीन दिवस असेल तर दूरची. काहीच धरलं नसेल तर आडनाव एक असून नातं वेगळं. माणसं नावं विसरतात, सुतक विसरत नाहीत.

मग सिव्हिल रजिस्ट्रारचं कार्यालय. इथल्या सिव्हिल नोंदी १९१४ पासूनच्या. साधा दाखला घेऊ नका, ‘तेओर’ मागा, म्हणजे नोंदीची पूर्ण नक्कल. पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत आईवडिलांबरोबर दोन्हीकडच्या आजी-आजोबांची नावं असतात, त्यामुळे एका तेओरात दोन्ही शाखा पुढे सरकतात. अर्जात तालुका आणि अंदाजे वर्ष द्या, पण पुढची चार-पाच वर्षंही तपासायला सांगा, कारण नोंद उशिरा झालेली असू शकते. सूची बहुतेक वेळा पहिल्या नावाच्या अक्षरावर लावलेली असते आणि लेखन पोर्तुगीज वळणाचं. केशव ‘क्यू’खाली, शंकर ‘एक्स’खाली. प्रभू तिथे ‘पोरोबो’ होतो, कामत ‘कामोतिम’, शेणवी ‘सिनाई’. नाईकाच्या शेवटी ‘के’ नसतो, ‘क्यू-यू-ई’ असतं. हे माहीत नसल्याने ‘नोंद नाही’ असं उत्तर घेऊन लोक परत येतात.

सगळ्यात मोठा घोटाळा नावांच्या फेऱ्याचा. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव, त्यामुळे विष्णू रामचंद्र, रामचंद्र विष्णू, पुन्हा विष्णू रामचंद्र. आजोबा आणि नातू कागदावर एकच दिसतात आणि एक अख्खी पिढी गळते. बायकोचं नाव आणि वय ताडून पाहिल्याशिवाय दोन नोंदी एका माणसाच्या मानू नका. जमीन असलेल्या घरात कोणी वारल्यावर झालेली इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटण्याच्या कारवाईचे कागद, सापडली तर हा गुंता पटकन सुटतो, कारण तिच्यात वारसांची नावं असतात, लेकींची आणि जावयांचीही. मुलींची शाखा मला अशीच जोडता आली.

१९१४च्या मागे जायचं तर देवस्थानच्या महाजनांची, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांची, यादी आणि कोमुनिदादीतले (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेतले) गांवकारांचे, म्हणजे मूळ हक्कदार घराण्यांचे, वांगड, म्हणजे कुळगट. काही जुने कागद मोडीत आहेत, वाचणारा माणूस आधी गाठावा. आणि फोंड्यातलं देऊळ म्हणजे मूळ गाव फोंड्यात, असं धरू नका. सोळाव्या शतकात देव हलवले गेले: मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. देवाचं जुनं गाव विचारा, घराण्याच्या मूळ गावाचा धागा बहुधा तिथे लागतो.

आमच्या दोन्ही नाईकांची कुलदैवतं वेगळी, गोत्रंही वेगळी. सगोत्र लग्न टाळत असल्याने गोत्रं तशी असणारच, म्हणून पुरुषपरंपरेने एक मूळपुरुष शोधण्यात अर्थ नव्हता. अपवाद दत्तकाचा: दत्तक गेलेल्याचं गोत्र बदलतं, त्यामुळे तिथे जन्मदात्या घराचंही गोत्र लिहून ठेवलं. दोन्ही घरं जोडणारा दुवा असेलच तर तो लेकीकडून, म्हणून आता पणजीच्या माहेरचा तेओर मागवला आहे.