इंजिन सुटतानाचा पहिला भक्क

खरं सांगू का, वाफेचं इंजिन सुसाट जाताना बघण्यात मला फारसा रस नाही. ते फोटोवाल्यांचं काम, पुलाच्या कडेला ट्रायपॉड लावून तासन्‌तास बसायचं आणि वीस सेकंदांत खेळ खलास. मला ते उभ्यावरून सुटताना बघायचं असतं, पहिली दोन-तीन मिनिटं, बास.

त्यासाठी तासभर आधी जायला लागतं, आणि गेलं की कळतं की थांबलेलं इंजिनसुद्धा गप्प बसत नाही. कुठेतरी बारीक सूं चालू असतं, खालून पाणी ठिबकतं, मधेच एखादा पंप खडखडून परत गप्प होतो आणि गरम तेल, कोळशाचा धूर, ओली वाफ असा एक मिक्स वास येतो जो दोन दिवस शर्टातून जात नाही (घरचे नाक मुरडतात, मुरडोत). भट्टी बहुतेक वेळा आदल्या दिवशीच पेटवलेली असते, कारण बॉयलर घाईत तापवला तर लोखंड सगळीकडे सारखं फुगत नाही आणि जोड गळायला लागतात. फायरमन फावड्याने कोळसा टाकतो तेव्हा त्याच्या तोंडावर क्षणभर केशरी उजेड पडतो, हे कितीदा बघितलंय तरी मोबाईल खिशातच राहतो.

मग शिट्टी होते, आणि पुढून दोन्ही बाजूंना वाफेचे असे लोट सुटतात की समोरची माणसं दिसेनाशी होतात. पहिल्यांदा मला वाटलं काहीतरी फुटलं, मी चक्क चार पावलं मागे. नंतर कळलं की ते मुद्दाम करतात, गार सिलिंडरमध्ये वाफेचं पाणी होतं आणि पाणी काही दाबलं जात नाही, ते आत राहिलं तर दट्ट्याच्या रेट्याने सिलिंडरचं झाकणच उडायचं, म्हणून खालचे कॉक उघडून आधी ते बाहेर हाकलायचं.

आणि मग तो पहिला भक्क! मग मोठा गॅप, इतका की वाटतं आता काही हे हलत नाही. मग दुसरा. चाक घसरलं तर विचारूच नका, एकदम भकभकभकभक आणि गाडी जागच्या जागी, ड्रायव्हर पटकन वाफ तोडतो, रुळावर वाळू सोडतो आणि परत हळूच सुरुवात. साध्या दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला चार भक्के पडतात. इंग्लंडच्या फ्लाइंग स्कॉट्समन इंजिनाला तीन सिलिंडर, त्यामुळे सहा, म्हणून त्याचा ठेका वेगळाच लागतो. अमेरिकेतल्या बिग बॉयची तर गंमतच, एका बॉयलरखाली दोन वेगवेगळे चाकांचे संच, त्यांचे ठेके कधी जुळतात कधी सुटतात, हेडफोन लावून व्हिडिओ ऐका एकदा. हे भक्के म्हणजे नुसता आवाज नाही बरं का, वापरलेली वाफ धुराड्यातून वर जाताना भट्टीतून हवा ओढते, म्हणजे चढावर इंजिनाने जोर लावला की आग आपोआप जास्त भडकते. ज्याला सुचलं त्याला दंडवत.

म्हणूनच म्युझियममध्ये रंग लावून उभी केलेली इंजिनं बघून मला उदासच वाटतं. बिग बॉय ४०१४ असंच १९६२ पासून अर्धशतक कॅलिफोर्नियात उभं होतं, २०१९ मध्ये परत धावलं. आपली फेअरी क्वीन १८५५ ची, १९०९ मध्ये सेवेतून बाहेर, आणि १९९७ मध्ये दिल्ली-अलवर मार्गावर पुन्हा गाडी घेऊन निघाली! अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. फ्लाइंग स्कॉट्समनच्या दुरुस्तीला तर दहा वर्षं लागली, २०१६ मध्ये ते परत रुळावर आलं. पैसे किती गेले यावरून लोक अजून भांडतात, भांडू देत.

गेल्या वेळी गाडी वळणाआड गेली, गर्दी पांगली, मी तिथेच. इंजिन उभं होतं तिथे रुळांमध्ये पाण्याचं छोटं डबकं, वर तेलाचा रंगीत तवंग, अजून थोडी वाफ निघत होती. डोळ्यात कोळशाचा कण गेलेला, तो चोळत चोळत परतीची गाडी किती वाजता येणार ते विचारायला गेलो.