कडू नारिंगं

स्पेनमधल्या सेव्हियातल्या पहिल्याच सकाळी मी गावंढळपणा केला. झाडाखाली एक टपोरं संत्रं पडलेलं दिसलं, उचललं, सोललं आणि अख्खी फोड तोंडात टाकली. समोरच्या बाकावरचे आजोबा माझा चेहरा बघत होते. असा एक तरी पाहुणा त्यांना रोज भेटत असावा.

इथली रस्त्यावरची झाडं कडू नारिंगांची. जानेवारीत चौकाचौकांत ती लगडलेली असतात, खात कुणी नाही. आपलं ‘नारंग’ फारसीतून अरबीत गेलं, तिथून स्पॅनिशमध्ये. आजोबांच्या तोंडी ते ‘नारान्हा’ झालं होतं.

हा मोहल्ला सांता क्रूझ. (नावामुळे मी दोन दिवस मनातल्या मनात मुंबईच्या सांताक्रूझला उतरत होतो.) पूर्वी ही ज्यूंची वस्ती. १३९१ मध्ये इथे कत्तल झाली, सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळांची, चर्चेस झाली. त्यातल्या एका चर्चमध्ये मुरिल्यो या चित्रकाराला १६८२ मध्ये पुरलं. पुढे नेपोलियनच्या फौजेने ते चर्चही पाडलं. आता तिथे चौक आहे, मधोमध १६९२ सालचा नक्षीदार लोखंडी क्रूस आणि सभोवती, अर्थात, नारिंगं. मुरिल्यो इथेच कुठेतरी मातीत आहे.

कॅथेड्रलमध्ये, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चमध्ये, कोलंबसच्या थडग्यापाशी ही गर्दी! मी बाहेर नारिंगांच्या अंगणात रमलो. बाराव्या शतकातल्या मशिदीचं हे अंगण. नमाजाआधी लोक इथे हातपाय धूत. मशीद पाडून कॅथेड्रल उभं राहिलं, पण अंगण आणि मिनार तेवढे ठेवले. त्या मिनारात, हिराल्दात, पायऱ्या जवळजवळ नाहीतच, उतरणी आहेत. गुडघेदुखीवाल्यांनी बांधणाऱ्याला दुवा द्यावा.

अंगणात मात्र मी खालीच बघत राहिलो. प्रत्येक झाडाला गोल आळं, एका आळ्यातून दुसऱ्यात विटांचा पाट. थेट आपल्या कोकणातल्या पोफळीच्या बागेसारखं शिंपणं! कोर्दोबा शहरातल्या मशिदीच्या अंगणातही नंतर तसेच पाट दिसले आणि आत खांबांच्या त्या प्रसिद्ध रानात शिरायला मला उशीर झाला.

या नारिंगांचा मुरंबा इंग्रज आवडीने पावाला लावतात. त्यांनी साखर ओतली. मला मात्र पहिली फोड गिळताना, डोळ्यांत पाणी असतानाच, मोहरीची डाळ आणि हिंग आठवला होता.