रोज शटडाऊन करूनही लॅपटॉप 'फ्रेश' होत नव्हता, माझा अनुभव

मी सांगलीत एका टॅक्स कन्सल्टंटकडे काम करते. २० तारीख जवळ आली की आमच्याकडे मान वर करायला वेळ नसतो कारण दर महिन्याला भरणाऱ्या पार्ट्यांच्या (म्हणजे आमच्या ग्राहकांच्या) जीएसटीच्या ३बी रिटर्नची ती शेवटची तारीख, आणि त्यातल्या ज्या कंपन्या आहेत त्यांचं रिटर्न डिजिटल सहीनं जातं, म्हणजे ती सही (डीएससी) ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा छोटा डोंगल यूएसबीला लावायचा, पासवर्ड टाकायचा आणि मगच सबमिट. तर ऐन त्या दिवसांत ऑफिसच्या लॅपटॉपला डोंगलच दिसेना. लाइट लागतोय, पण सही करायला गेलं की यादी रिकामी!

झालं असं होतं की आदल्या दिवशी त्या डोंगलचा नवा ड्रायव्हर (विंडोजला तो डोंगल ओळखता यावा यासाठीचा छोटा प्रोग्राम) टाकला होता आणि शेवटी मेसेज आला होता की रिस्टार्ट करा. काम अर्धवट होतं म्हणून 'नंतर' केलं आणि संध्याकाळी नेहमीसारखा शटडाऊन करून घरी. सकाळी चालू केला म्हणजे झालाच की रिस्टार्ट, असं ऑफिसात सगळेच धरून चालले होते, आणि तसं वाटणं अगदी साहजिक आहे. मग आम्ही पोर्ट बदलले, डोंगल दुसऱ्या लॅपटॉपला लावून बघितला (तिथे चालला), ड्रायव्हर काढून परत टाकला, पुन्हा शटडाऊन करून चालू केला, तेच.

शेवटी आमचे हार्डवेअरवाले दादा आले. त्यांनी केबलला हातसुद्धा लावला नाही. टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं आणि खाली 'अप टाइम' दाखवला, म्हणजे विंडोज शेवटचं नव्याने सुरू झाल्यापासून किती वेळ झाला ते. दिवस, तास, मिनिटं, सेकंद असे आकडे असतात तिथे, सेकंद पळत होते आणि दिवसांचा आकडा होता दोन अंकी. आमचे कन्सल्टंट सर म्हणाले, अहो रोज संध्याकाळी आमच्या डोळ्यांसमोर बंद होतो हा. दादा म्हणाले, तुमच्यासाठी बंद होतो सर, विंडोजच्या हिशोबानं नाही. मग स्टार्टमधून रिस्टार्ट केला, या वेळी चालू व्हायला जरा जास्त वेळ लागला, आणि डोंगल लावल्या लावल्या नाव आलं यादीत. त्या दिवशीची सगळी रिटर्न्स गेली.

मला ते इतकं विचित्र वाटलं की कारण कळेपर्यंत चैन पडली नाही. दादांना विचारून, थोडं वाचून जे समजलं ते असं. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून त्यात 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आहे आणि ती बऱ्याच मशीनवर आधीपासूनच चालू असते. शटडाऊन केलं की आपले प्रोग्राम बंद होतात, आपण लॉगआउट होतो, पण विंडोजचा जो गाभा आहे, कर्नल म्हणतात तो, आणि लोड झालेले ड्रायव्हर, यांची आहे ती अवस्था डिस्कवरच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवली जाते. सकाळी नव्याने सुरुवात होत नाही, तीच फाइल परत उचलली जाते. दुकानदारानं शटर ओढलं पण आतला पसारा तसाच ठेवला, असं. त्यामुळे जुना ड्रायव्हर अडकला असेल तर तो अडकलेलाच परत येतो. आणि भिंतीवरचं बटण बंद केलं, चार्जर काढला तरी काही फरक पडत नाही कारण ते सगळं रॅममध्ये (वीज गेली की पुसली जाणाऱ्या मेमरीत) नसून डिस्कवर असतं. रिस्टार्टमध्ये मात्र ही फाइल वापरत नाहीत, सगळं मुळापासून लोड होतं, कारण अपडेट किंवा ड्रायव्हरनंतर तेच हवं असतं. झाकण मिटणं तर आणखी वेगळं, ती बहुतेक लॅपटॉपवर नुसती झोप, त्याला बंद म्हणूच नका.

म्हणजे प्रिंटर, वायफाय, ब्लूटूथ, आवाज, डोंगल, असलं काही रुसलं की आधी रिस्टार्ट. शटडाऊन कधी? मशीन उघडून रॅम टाकायची असेल, प्रवासाला न्यायचं असेल तेव्हा. आणि तेव्हा खरंच पूर्ण बंद हवं असेल तर शिफ्ट दाबून धरून शटडाऊनवर क्लिक करायचं, त्या एका वेळेपुरतं ते फाइल वगैरे न करता पूर्ण बंद होतं. हे मला सगळ्यात आवडलं, दोन सेकंदांचं काम आहे.

कायमचं बंद करायचं तर कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक केल्यावर खालची 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' ची खूण काढता येते. आमच्या एसएसडीवाल्या (म्हणजे नव्या, वेगवान डिस्कच्या) मशीनवर मी काढून टाकली, चालू व्हायला जाणवण्यासारखा फरक नाही. एक जुना हार्डडिस्कवाला डेस्कटॉप आहे त्यावर राहू दिली, तो आधीच खूप वेळ घेतो.

आता मोबाइल. तिथे ही भानगड नाही, अँड्रॉइड असो की आयफोन, बंद करून चालू करा किंवा रिस्टार्ट करा, दोन्हीत फोन नव्यानेच सुरू होतो. नेटवर्क अडकलं, फोन गरम होऊन हँग व्हायला लागला तर कुठलंही चालेल. फक्त फोन बंद ठेवला तर बहुतेक फोनमध्ये गजर वाजत नाही हे लक्षात ठेवा.

पण फोनमध्ये वेगळी गोष्ट आहे, चालू झाल्यावरचं पहिलं अनलॉक. तोपर्यंत आपला बराचसा डेटा कुलूपबंद असतो म्हणून बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्नच लागतो. आईच्या फोनमध्ये रात्री आपोआप रिस्टार्ट व्हायची सेटिंग होती. सकाळी मावशीचा फोन आला तर नावाऐवजी नुसता नंबर, आणि अनोळखी नंबर उचलायचा नाही हे आम्हीच तिला बजावलेलं, म्हणून तिनं उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅपचंही काही आलं नव्हतं. तिला वाटलं नंबरच गेले सगळे, पार घाबरली होती बिचारी. पिन टाकला आणि सगळं जागेवर आलं. सेटिंग मी बंद केली नाही, कारण तिचा फोन त्यानं खरंच बरा चालतो. फक्त वेळ बदलून दुपारची ठेवली, जेवणानंतर ती टीव्ही बघत असते तेव्हाची, आणि तिला सांगून ठेवलंय की नावाऐवजी नंबर दिसला तर आधी पिन टाकून बघ.