-1 वाचलं आणि डिबगर म्हणाला, वाचता येत नाही

जालना जिल्ह्यातल्या एका मोसंबीच्या बागेतून उतरवलेला ठिबकचा कंट्रोलर बोर्ड त्या दिवशी सकाळी चिकलठाणा एमआयडीसीत आमच्या टेबलावर आला. तक्रार साधी होती: तीन नंबरचा व्हॉल्व्ह उघडतच नाही. बोर्डावर 32-बिट आर्म प्रोसेसर आणि लिनक्स. सी लायब्ररी लिनक्सवर सहसा असते ती ग्लिबसी नाही, तर 'मसल' नावाची आटोपशीर लायब्ररी, कारण फ्लॅशवर जागा कमी. डिबगर, म्हणजे चालता प्रोग्रॅम थांबवून त्याच्या पोटात डोकावणारं हत्यार, आमच्या टीमनेच लिहिलेला. त्याचा छोटा एजंट बोर्डावर चालतो, लॅपटॉपवरचा भाग त्याच्याशी जीडीबी या प्रसिद्ध डिबगरच्या रिमोट प्रोटोकॉलने बोलतो.

कंट्रोलरची प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, थांबवून जमिनीच्या ओलाव्याचा अ‍ॅरे छापला. चार इंटिजर, प्रत्येकी 4 बाइट. उत्तर आलं: 41, 38, 'मेमरी वाचता आली नाही', 44.

खरं तर इथेच संशय यायला हवा होता. ऑपरेटिंग सिस्टिम मेमरी 'पान' नावाच्या तुकड्यांत वाटते. मेमरी वाचता येणं न येणं हे पानावर ठरतं आणि इथलं पान 4096 बाइटचं. एकाच पानात शेजारचे तीन शब्द (इथे एक शब्द 4 बाइटचा) वाचता येतात आणि मधलाच एक येत नाही, असं होऊच शकत नाही. तरी पहिला तासभर आम्ही लिंकर स्क्रिप्ट (कोड आणि डेटा मेमरीत कुठे बसेल ते ठरवणारी फाईल) आणि डिबग माहितीतले ऑफसेट तपासण्यात घालवला. डिबगरवर संशय घ्यायला माणूस सगळ्यात शेवटी तयार होतो, आणि डिबगर स्वतः लिहिलेला असेल तर त्याहूनही उशिरा.

मग पॅकेटचा लॉग चालू केला. 'एम, पत्ता, 4' अशी विनंती गेली होती आणि उत्तर होतं 'ई01'. या प्रोटोकॉलमध्ये रिकामं उत्तर म्हणजे 'हे पॅकेट मला कळत नाही' आणि 'ई' म्हणजे चूक. पण ईपुढच्या दोन आकड्यांना सर्वमान्य असा अर्थ नाही. आमचा एजंट तर कुठल्याही चुकीला ई01च पाठवायचा. प्रोसेस मेली, पत्ता चुकीचा, परवानगी नाही, सगळ्याला एकच शिक्का. आतलं फंक्शन फक्त बूलियन, म्हणजे हो किंवा नाही, परत द्यायचं, त्यामुळे कारण जिथे जन्मलं तिथेच गाडलं जात होतं.

एजंटमध्ये मेमरी वाचण्याच्या ओळीखाली एरनोचा, म्हणजे शेवटच्या चुकीचा आकडा जिथे साठतो त्या सी व्हेरिएबलचा, मजकूर छापणारी एक ओळ घातली, पुन्हा बिल्ड करून बोर्डावर चढवली. मजकूर आला: 'नो सच फाईल ऑर डिरेक्टरी'. शेजारी बसलेला परभणीचा सहकारी म्हणाला, "दादा, आपण मेमरी वाचायलाव अन् हे तर फाईल नाही म्हणायलंय!"

गाठ तिथेच सुटली. दुसऱ्या प्रोसेसची मेमरी आमचा एजंट पीट्रेस या लिनक्स कॉलच्या पीकडेटा विनंतीने वाचायचा. तिला चुकीचा पत्ता दिला तर ईआयओ किंवा ईफॉल्ट ही चूक येते. प्रोसेस नसेल, आपण तिला धरलेलं नसेल किंवा ती थांबलेली नसेल तर ईएसआरसीएच. फाईल न सापडल्याचा, म्हणजे एनोएंटचा, इथे संबंधच नाही. म्हणजे ही चूक या कॉलची नव्हतीच, कुठल्या तरी आधीच्या कॉलची शिळी चूक होती.

झालं होतं ते असं. पीकडेटा वाचलेला शब्द थेट परतीच्या मूल्यातून देतं आणि चूक झाली तरी तिथूनच -1 देतं. मग शब्द खरोखरच -1 असेल तर? मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय: कॉलआधी एरनो शून्य करा, कॉलनंतर तपासा. आमच्या कोडमध्ये दुसरा अर्धा भाग होता, पहिला नव्हता. 'मूल्य -1 आणि एरनो शून्य नाही, तर चूक.' वरवर पाहता शहाणी ओळ. पण यशस्वी कॉल एरनो पुसेल असा सी भाषेत नियम नाही. एजंट सुरू होताना सेटिंगची फाईल शोधतो, ती या बोर्डावर नव्हती, तेव्हा एरनोत बसलेला 2 हा आकडा तसाच बसून राहिला. तिसऱ्या सेन्सरचं मूल्य खरंच -1 होतं, म्हणजे आमच्या संकेताप्रमाणे 'सेन्सर जोडलेला नाही'. डिबगरला नेमकं तेच दाखवायचं होतं आणि नेमकं तेच त्याने झाकलं.

ऑफिसातल्या मशिनवर हे कधीच का दिसलं नाही, हा यातला जास्त महत्त्वाचा भाग. तीन पांघरुणं एकावर एक होती. ग्लिबसीचं पीट्रेसचं वेष्टण (कॉलभोवतीचं फंक्शन) पीक यशस्वी झालं की एरनो स्वतःहून शून्य करतं. मसल करत नाही. दुसरं, 64-बिट मशिनवर पीकडेटा एका वेळी 8 बाइट आणतं, म्हणजे लागोपाठचे दोन्ही इंटिजर -1 असतील तरच शब्द -1 होतो. 32-बिटवर एकच पुरतो. तिसरं, सेटिंगची फाईल तिथे होती. चाचण्या वर्षानुवर्षं हिरव्या, आणि त्यात नवल काहीच नाही.

दुरुस्ती म्हटली तर एका ओळीची: कॉलआधी एरनो शून्य. ती केली, पण तेवढ्यावर थांबलो असतो तर पुढचा ई01 आमची वाटच पाहत होता. वाचन आता प्रोसेसच्या 'मेम' फाईलवर (लिनक्स तिची मेमरी फाईलसारखी दाखवतं ती) प्रीड या कॉलने होतं. तिथे परतीचं मूल्य म्हणजे वाचलेल्या बाइटची संख्या. डेटा वेगळ्या बफरमध्ये येतो, त्यामुळे डेटा आणि चूक यांची गल्लत व्हायला जागाच उरत नाही. शिवाय अर्धवट वाचनाला तोंड फुटतं. 256 बाइट मागितले आणि पुढचं पान मॅप केलेलं नसलं, तर हाती आलेले 96 बाइट दाखवायचे आणि अडलेला पत्ता सांगायचा. पूर्वी आम्ही सगळंच फेकून द्यायचो. स्टॅक वाचताना हे फार महागात पडतं.

चूक कळवणारी वस्तूही बदलली. बूलियनऐवजी चार गोष्टी: कुठला कॉल, एरनो, पत्ता, लांबी. एरनोची प्रत कॉलनंतर लगेच काढायची, मध्ये लॉगची ओळही नको, कारण ती ओळच एरनो बदलू शकते. परतीच्या प्रकारावर 'नोडिस्कार्ड' लावलं, की कोणी न पाहता टाकलं तर कंपायलर ओरडतो. एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प याच्याही पुढे जातो. तिथला एरर न तपासता नष्ट झाला तर तपासण्या चालू ठेवलेल्या बिल्डमध्ये प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद पडतो. आमच्या एजंटला ते झेपणारं नव्हतं. एजंट मेला की चालता पंप कंट्रोलर अधांतरी. त्याच प्रकल्पातल्या एलएलडीबी या डिबगरवालेही वापरकर्त्याच्या वाईट डेटावर असर्ट (अट मोडली की प्रोग्रॅम बंद पाडणारी तपासणी) लावू नका असंच सांगतात, कारण त्यांचा डिबगर लायब्ररी म्हणून आयडीईच्या, म्हणजे कोड लिहायच्या प्रोग्रॅमच्या, पोटात असतो. डिबगर पडला की आयडीईही पडतो.

जीडीबीची वाट वेगळी. तिथे पूर्वी चूक झाली की थेट मागे उडी मारणारे, सेटजंप-लाँगजंपवर उभे असलेले मॅक्रो होते आणि आवराआवर हाताने नोंदवावी लागे. 2017च्या 8.0 आवृत्तीपासून सी++11 सक्तीचं झालं, हळूहळू ती आवराआवर डिस्ट्रक्टरकडे, म्हणजे वस्तू संपताना आपोआप चालणाऱ्या फंक्शनकडे, गेली. त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलली: मेमरी न वाचता येणं, मूल्य नोंदलेलंच नसणं आणि कंपायलरने व्हेरिएबल उडवून लावणं, यांना वेगवेगळे कोड. समोर बसलेल्याला तिन्हींवर करायचं काम वेगळं असतं.

संध्याकाळी चाचणी लिहिली. एरनोत मुद्दाम 2 भरायचा, 16 शब्द -1ने भरायचे, वाचायचे. ही चाचणी बोर्डावरच चालवायची, ऑफिसच्या मशिनवर नाही. मेमरीची पास झाली. मग तीच रजिस्टरांवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठ्यांवर, चालवली आणि तिथे पडली. रजिस्टर वाचणाऱ्या पीकयूजर विनंतीलाही तीच सवय, आणि कोडही तसाच चिकटवलेला. सिस्टिम कॉल फसल्यावर फंक्शन -1 घेऊन परततं तेव्हा आर0मध्ये, म्हणजे परतीचं मूल्य ठेवणाऱ्या रजिस्टरमध्ये, हेच मूल्य असतं. म्हणजे फंक्शन फसलेलं असतानाच, जेव्हा आर0 बघायचंच असतं, तेव्हा आमचा डिबगर 'रजिस्टर वाचता आलं नाही' म्हणत आला होता.