क चा पाय मोडा, मग कॅट वाचा

शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, आजूबाजूला पॉवरलूमची खडखड. माझ्या पहिली-दुसरीच्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, कन्नड आहेत, उर्दू आहेत आणि शाळा मराठी. म्हणजे सहा-सात वर्षांचं पोरगं आधीच दोन-तीन भाषांत भांडतंय, रुसतंय, हिशोब करतंय, मग इंग्रजीचा तास आला की तेच पोरगं गप्प का होतं हा प्रश्न मला खूप वर्षं छळायचा.

२००० सालापासून आपल्याकडे मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. मीही सुरवातीला सगळ्यांसारखंच शिकवायचे, सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर, पन्नास वेळा म्हणा. पोरं सुरात म्हणायची पण फळ्यावर मॅट लिहिलं की गाडी अडली. आणि चूक त्यांची नव्हतीच, सी ए टी जोडून सीएटीच होतं ना, कॅट कुठून होणार?

मग अक्षराचं नाव बाजूला ठेवून आवाज शिकवायला लागले. पहिली सहाच अक्षरं, एस ए टी पी आय एन. एवढ्यात सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप इतके शब्द होतात, पोरांना पहिल्या पंधरवड्यातच वाचता येतंय असं वाटतं आणि ते वाटणं फार महत्त्वाचं आहे. पण इथं आपल्या मराठीचा एक अडथळा येतो. आपल्या प्रत्येक अक्षरात अ बसलेला असतो, त्यामुळं पोरं क-ॲ-ट असं पूर्ण क, पूर्ण ट म्हणतात आणि शब्द जुळतच नाही. एकदा वैतागून मी फळ्यावर क काढला आणि म्हणाले, ह्याचा पाय मोडा, ट चा पण मोडा, आता म्हणा. क्... ॲ... ट्. कॅट! अख्खा वर्ग ओरडला. जोडाक्षरं शिकताना पाय मोडणं त्यांना माहीत होतंच की, मलाच ते इंग्रजीच्या तासाला आठवलं नव्हतं.

तेलुगू-कन्नड घरातली पोरं बस ला बस्सु, पेन ला पेन्नु म्हणतात, उर्दूवाली इस्कूल. मी हसू देत नाही कुणाला. त्यांच्या घरच्या भाषेचं वळण आहे ते, चार-सहा महिने कानावर नीट पडत राहिलं की आपोआप सुटतं.

बोलण्याचं म्हणाल तर मे आय कम इन हे पोरं मेकमीन असं एकाच शब्दासारखं ओरडतात, त्याला मी बोलणं धरत नाही. रोज सकाळी खरा प्रश्न विचारते, काय खाल्लंस? एकजण म्हणाला, आय ईट भाकरी, शेंगा चटणी. मी एवढंच म्हणते, ओह, यू एट भाकरी! चूक म्हणून थांबवत नाही, कारण एकदा थांबवलं की ते पोरगं पुढचा आठवडाभर तोंड उघडत नाही. आठ-दहा दिवसांनी त्याचं त्यालाच एट यायला लागतं.

लिहिण्यात घाई नको एवढंच सांगते. चाररेघी वही असू द्या पण कुणी कानाला ऐकू आलं तसं स्कूल एस के यू एल लिहिलं तर लाल फुली मारू नका, त्या पोरानं प्रत्येक आवाजाला अक्षर शोधलंय.

परवाची गोष्ट. एका मुलीचे वडील लूमवर, आई विड्या वळते. मधल्या सुट्टीत ती चादरीच्या पिशवीवरचं लेबल घेऊन कोपऱ्यात बसलेली. काय करूलालीस गं विचारलं तर म्हणाली, वाचूलाले की बाई. बोट ठेवून एकेक आवाज काढत होती. कॉट्... ऑन. दोनदा म्हटलं, थांबली, आणि डोळे असे मोठे झाले. कॉटन! बाई, कॉटन! आमचे पप्पा तेच करतेत!

खाली मेड इन इंडिया होतं. ते तिनं मॅडे इन इंडिया वाचलं, अगदी ठणकावून. शेवटचा ई गप्प बसतो हे मी अजून शिकवलंच नव्हतं. ते लेबल तिच्याकडून मागून घेतलंय, उद्याचा तास त्याच्यावरच.