तिथीची पाऊणपट

सूर्यास्त बघून माझं मन कधीच शांत झालेलं नाही. रत्नागिरीत राहून असं बोलू नये, पण खरं तेच आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लोक सुरूच्या बनाकडे पाठ करून मोबाइल उंच धरून उभे असतात, आणि सूर्य बुडाला रे बुडाला की भेळेच्या गाडीकडे वळतात. त्यांचं काही चुकत नाही. एवढा मोठा देखावा समोर मांडला की आपल्याला काहीतरी वाटलंच पाहिजे, असं दडपण येतं. आणि त्या दडपणात मला नेमकं विजेचं बिल आठवतं.

माझं जमतं ते ओहोटीशी.

ओहोटीची वेळ काढायला इथल्या जुन्या माणसांना काही बघावं लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाही तीच आणि रात्रीही तीच. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. थोडं मागेपुढे होतं, पण फिरायला जाणाऱ्याला तेवढं पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. तेव्हा पाणी जसं वरपर्यंत चढतं तसं उतरतंही लांबवर, आणि ते उतरणं सकाळ-संध्याकाळच्या वेळेला पडतं. म्हणजे नोकरी करणाऱ्यांची सोय चंद्राने बघितलेली आहे. अष्टमीला मात्र उलट. तुम्ही पहाटे उठून जा, पाणी तुमच्या आधी येऊन बसलेलं असतं.

मला वाटतं, अर्धी शांतता या वेळापत्रकातच आहे. दिवसभर आपण एकेका गोष्टीच्या मागे लागतो, फोन करतो, आठवण करून देतो, ओळख काढतो. इथे ओळख चालत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येणार, आणि तिला लवकर ये म्हणून कोणी सांगू शकत नाही. आपल्या हातात काही नाही हे एकदा पटलं की खांदे आपोआप खाली येतात.

उरलेली अर्धी खेकड्यांपाशी. चिंबोऱ्या-कुर्ल्यांबद्दल बोलत नाही, त्या ताटातल्या. हे बोटाच्या नखाएवढे. पाणी सरकलं आणि ओली वाळू उघडी पडली की थोड्या वेळाने जागोजागी बारीक भोकं दिसायला लागतात. तिथे उकिडवं बसायचं आणि हलायचं नाही. सावली हलली तरी सगळे गडप. आपण दगड आहोत अशी त्यांची खात्री पटली की एक वर येतो, मग दुसरा. नांग्यांनी वाळू तोंडाशी न्यायची, तिच्यातलं खाण्याजोगं तेवढं चाळून घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. बिळापासून सरळ रेघेत जरा पुढे जातो, परत येतो, मग शेजारची रेघ धरतो. अर्ध्या तासात बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी पडते. परत पळायची वाट तेवढी मोकळी ठेवलेली असते, हे विशेष. पाणी वर चढायच्या आत तो बिळात शिरून वरून वाळू ओढून घेतो आणि भरती सगळं पुसून टाकते. खेकड्यांच्या काही जाती तर समुद्रापासून दूर, प्रयोगशाळेत ठेवल्या तरी भरती-ओहोटीच्या वेळा पाळतात. अंगातच घड्याळ. आम्हाला शाळेची घंटा लागायची.

त्या अर्ध्या तासात मी काय विचार करतो असं कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. बहुतेक काहीच नाही. लक्ष लागलेलं असतं, पण ताण नसतो. हातात काम नसताना एवढं लक्ष दुसरीकडे कुठे लागलेलं मला आठवत नाही.

इंग्लंडमध्ये सुमारे वीस हजार लोकांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास 2019 साली आला होता. आठवड्याला किमान दोन तास निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत चांगली आहे, बरं वाटतं, असं अधिक प्रमाणात सांगतात, असं त्यात दिसलं. दोन तास सलग की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. आमच्याकडच्या निवृत्त मंडळींना हा आकडा सांगितला तर ती हसतील. ती बंदरावरच्या कट्ट्यावर रोजच दोन तास बसतात. गावभरच्या चौकश्या त्यात धरायच्या की नाही, एवढाच प्रश्न.

आणि सगळ्यांनाच ओहोटी शांततेसाठी लागते असंही नाही. किनाऱ्याच्या टोकाला खडकांवर बायका कालवं काढायला बसतात. टोकदार लोखंडाने वरचं शिंपलं उडवायचं, आतलं बोटभर मांस डब्यात. कडा धारदार, बोटं कापतात. मी वाळूत बसलेला बघून त्यातल्या एक काकी जाताना थांबल्या.

"काय हरवलाय काय, मास्तर?"

"नाही हो काकी, खेकडे बघतोय."

"ते खायचे नायत," त्यांनी समजावलं आणि डबा डोक्यावर घेऊन चालू लागल्या. चार पावलांवरून वळून म्हणाल्या, "पानी लागला भरायला, उठा."

त्यांच्यासमोर निसर्गाच्या सान्निध्यात वगैरे बोलायची माझी छाती नाही. पाठ मोडेपर्यंत वाकून मिळालेले ते दोन वाटे, त्यांचा बाजार, त्यांची घाई. तरी कालवं फोडताना त्यांच्या आपसात जे हसणं चालतं, ते ऐकलं की वाटतं, वेळापत्रकाचा गुण त्यांनाही लागत असणार.

पंचाईत होते ती पावसाळ्यात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, समुद्र गढूळ आणि बेभरवशाचा. ओहोटी असते, पण तिच्या जवळ जाऊ नये. मग मी घरात येरझाऱ्या घालतो, वर्तमानपत्र दोनदा वाचतो, पंख्याच्या आवाजावर टीका करतो. श्रावण जवळ आला की बायको स्वतःच तिथी बघते आणि म्हणते, "आज पाऊस नाही, संध्याकाळी पाणी उतरलेलं असेल. लांबून का होईना, जाऊन या. आणि येताना कोथिंबीर आणा."