पॅसिफिकमधला तिसरा दिवस आणि एक टॉवेल

लेकाने क्रूझची तिकिटं काढली ती नेमकी गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांतली. नंदीध्वजांची मिरवणूक चुकणार म्हणून सोलापूर सोडल्यापासून हिचं तोंड फुगलेलं. लॉस एंजेलिसहून निघालं की हवाईपर्यंत मधे चार दिवस नुसतं पाणी. सुमारे 2,200 सागरी मैल, म्हणजे चार हजार किलोमीटरच्या वर. वाटेत ना बेट, ना बंदर. पहिले दोन दिवस गार वारा आणि हेलकाव्यांतच गेले. हिने आलं चघळलं, मी स्वेटर उतरवला नाही. लिहायचंय ते तिसऱ्या दिवसाबद्दल.

सकाळी बाल्कनीचं दार सरकवलं तर हवा ऊबदार. काल राखाडी दिसणारं पाणी आज इतकं निळं, की डाईंगच्या हौदातही असा रंग मी कधी उतरलेला पाहिला नाही.

वरच्या डेकवर तरणतलावाशेजारी पट्ट्यापट्ट्यांचा टॉवेल मिळाला आणि माझी सुट्टी तिथेच संपली. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढलीत; बोटं आपोआप चालतात. आधी अंगठ्याने लूप दाबून पाहिले, मग काठ उलटा केला. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, ते चारशेच्या आसपास असावं. टेरीच्या, म्हणजे अशा लूपवाल्या कापडाच्या, मागाला बीम, म्हणजे ताण्याचे (उभ्या धाग्यांचे) रूळ, दोन लागतात, एकाचा ताणा घट्ट, दुसऱ्याचा सैल. तीन आडवे धागे टाकले की फणी ते तिन्ही एकदम पुढे ठोकते आणि सैल ताणा वर उभा राहतो, तोच लूप. सैल ताण्यात जरा गडबड झाली की एका जागी लूप आखूड, दुसरीकडे लांब. इथे धुऊन धुऊन लूप बसले होते, पण उंची सगळीकडे सारखी. लेबलवर फक्त जहाजाचं नाव.

"आपल्याकडचा असंल का गं?"

"अहो, सुट्टीला आलाय का माल तपासायला?"

शेजारच्या रांगेत पन्नासेक खुर्च्या रिकाम्या, पण प्रत्येकीवर टॉवेल अंथरलेला आणि माणूस गायब. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण उगाच बदनाम आहोत. फरक एवढाच, की इथे अर्धा-पाऊण तास कोणी फिरकलं नाही तर कर्मचारी टॉवेल उचलून नेतात. माझाही गेला. जेवून येतो तर खुर्चीवर एक आजोबा घोरत होते, आणि टॉवेल परत न केल्याचे पैसे आमच्या खात्यावर. ते रद्द करून घेण्यात पाऊण तास गेला. असो.

दुपारी बाराला कॅप्टन बोलतो. वेग 19 नॉट, म्हणजे ताशी 35 किलोमीटर. या वेगाने सोलापूरहून पुण्याला जायला सात तास लागतील. पायाखाली साडेचार किलोमीटर पाणी आहे, असंही त्याने सहज सांगितलं. ही लगेच कठड्यापासून मागे सरकली.

जेवणात शेकडो पदार्थ, आणि आम्ही खाल्लं काय, तर भाजलेला बटाटा, दही आणि घरून आणलेली पॅकबंद शेंगाचटणी. वाढणारा मुलगा गोव्याचा निघाला. चटणी चाखून डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला, "काकी, आणखी आहे?" हिचा गड्ड्याचा राग तिथे उतरला.

मग ही कागदी फुलांचे हवाईयन हार करायला शिकायला गेली. तिथे तिनेच बाकीच्यांना गजऱ्याची गाठ शिकवली म्हणे. मी मात्र काहीही केलं नाही. फोन एअरप्लेन मोडवर, इंटरनेटचं पॅकेज परवडण्यातलं नव्हतं. पहिला तासभर हात कशालातरी शोधत राहिले. मग खालच्या डेकवर एक कोपरा सापडला, जिथे इंजिनाची घरघर फळ्यांतून पाठीला लागत होती. दोन शेड पलीकडे माग चालू असल्यासारखी. घरात तसा आवाज आल्याशिवाय लहानपणी मला झोपच लागायची नाही. डोळे उघडले तेव्हा पाच वाजले होते. कठड्यापलीकडे एक अल्बाट्रॉस पंख न हलवता जहाजाबरोबर तरंगत होता. तो आधी कंटाळतो का मी, हे बघत बसलो. मी हरलो.

संध्याकाळी केबिनमध्ये हिने नळ पिळून घट्ट बंद केला. समुद्राचंच पाणी गोडं करून देतात, संपणार नाही, असं सांगून पाहिलं. "नळाला पानी कवा येतंय कुनाला ठावं," म्हणाली आणि बाटलीही भरून ठेवली.

पलंगावर केबिन आवरणाऱ्याने टॉवेलचा हत्ती करून ठेवला होता. सोबत चिठ्ठी: रात्री घड्याळ एक तास मागे करा. हवाईची वेळ दोन तास मागे, त्यातला पहिला तास आज मिळणार होता.

"हत्ती मोडायचा नाय हं," ही म्हणाली आणि झोपली.

मी घड्याळ मागे केलं. मग मोबाईलच्या उजेडात, बाकीचा हत्ती तसाच ठेवून, फक्त एक कान हळूच उलटला. काठाला दुहेरी शिवण होती.